दुसरी चावी कोणाकडे?

पत्राचा सारांश

पत्र कॅलगरीहून आलंय. लिहिणाऱ्या बाई ५७ वर्षांच्या. यजमान ६२ वर्षांचे, मार्चमध्ये निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात एक जुना ट्रक कॅम्पर घेऊन आले. पिकअपच्या हौद्यात बसवायची ती खोली, आत पलंग, शेगडी, टॉयलेट सगळं. ट्रक घरचाच, हाफ-टन, म्हणजे मोठ्या पिकअपमधला सर्वांत हलका वर्ग. बेत असा: १ जुलैला निघायचं, अलास्का हायवेने कॅनडाच्या वायव्य टोकाच्या युकॉनमध्ये, तिथून डेम्प्स्टर हायवेने थेट आर्क्टिक समुद्राकाठच्या टुकटोयाक्टुकला (थोडक्यात टुक), परतताना डॉसन सिटीवरून अलास्कात फेअरबँक्सला आणि मग घरी. १८ दिवस, साधारण ८,५०० किलोमीटर. एक्सेलमध्ये दिवसवार मांडून झालंय. बाईंना अस्वलांची भीती वाटते, गुडघा दुखतो, आणि 'सुट्टीवर जाऊनही पोळ्याच लाटायच्या' याचा कंटाळा आलाय. टोरांटोचा मुलगा म्हणतो, "आई, बाबांचं आयुष्यभराचं स्वप्न आहे, तू मोडता घालू नकोस." बाई शहरात गाडी चालवतात, ट्रकला कधी हात लावलेला नाही. यजमान कॅनडाचे नागरिक आहेत, बाईंनी गावच्या जमिनीच्या कामापायी भारताचा पासपोर्ट ठेवलाय. प्रश्न असा, की मन मारून जाऊ की त्यांना एकट्याला जाऊ देऊ? आणि सहीनंतर एक ओळ: "यांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. आता सगळं ठीक आहे."

उत्तर

ताई,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अस्वल, गुडघा आणि पोळ्या दिसल्या. दुसऱ्यांदा खालून वर वाचलं. सहीनंतरची ओळ हेच खरं पत्र आहे असं मला वाटतं. चुकत असेन तर सांगा. तुम्हाला त्या रस्त्याची भीती नाही. जिथे फोन लागत नाही, पुढची गाडी कधी येईल माहीत नाही, अशा ठिकाणी यांना काही झालं तर मी काय करणार, ही ती भीती आहे. ती बोलून दाखवली की घरात अभद्र बोलल्यासारखं होतं, म्हणून तुम्ही अस्वलाला पुढे केलंत. मीही केलं असतं.

म्हणून तुमचा 'जाऊ की नको' हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवते. त्यात एक गृहीत दडलंय, की बेत त्यांचा आहे आणि तुम्ही त्यात फक्त हो किंवा नाही म्हणायचं आहे. तो बेत एकदा आपण दोघी मिळून तपासू. त्यांनी मेहनत घेतली आहे याबद्दल शंका नाही, पण त्या एक्सेलमध्ये तीन मोठ्या चुका मला इथूनच दिसतात. तिन्ही तुम्ही दाखवून दिल्यात तर त्याला कोणी मोडता म्हणणार नाही.

पहिली चूक वजनाची. आज संध्याकाळी ट्रकचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा आणि चौकटीवरचा पिवळा-पांढरा स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून अमुक किलोपेक्षा जास्त नको, असा एक आकडा तिथे छापलेला असतो. हाफ-टन ट्रकमध्ये तो बहुतेक वेळा ६५० ते ९०० किलोच्या आसपास असतो. आता बेरीज करा. पक्क्या भिंतींचा लहानसा कॅम्पर रिकामाच ९०० किलो भरतो. टाकीत ११० लिटर पाणी म्हणजे ११० किलो. प्रोपेनची दोन नळकांडी, बॅटरी, हत्यारं, जादा टायर, डबे, कपडे, पांघरुणं मिळून २०० तरी. तुम्ही दोघं १४०. झाले १,३५०. विक्रेत्याने कागदावर दाखवलेलं वजन हे रिकाम्या कॅम्परचं असतं, आणि रिकामा कॅम्पर घेऊन कोणी फिरायला जात नाही. जास्तीचा भार टायर, ब्रेक आणि मागच्या अॅक्सलवर येतो. कॅलगरीच्या डांबरी रस्त्यावर हे कळतही नाही, खडीवर तिसऱ्या दिवशी कळतं. सगळं भरून, टाकी भरून, दोघं आत बसून एकदा ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर जाऊन या. वाद घालायची गरजच पडणार नाही, काटा बोलेल. आकडा वर गेला तर मार्ग दोनच: थ्री-क्वार्टर टन किंवा वन-टन ट्रक, नाहीतर वरचं छत दुमडणारा हलका कॅम्पर. स्प्रिंग आणि अॅक्सलवर हवेच्या पिशव्या (एअरबॅग) बसवून गाडीचं मागचं अंग वर उचललं जातं, पण स्टिकरवरचा आकडा त्याने वाढत नाही. दुकानदार हे दुसरं वाक्य सहसा बोलत नाहीत.

दुसरी चूक दिवसांची. ८,५०० भागिले १८, म्हणजे रोज ४७० किलोमीटर, एकही दिवस न थांबता. कागदावर पाच-सहा तास. पण यातले डेम्प्स्टरचे सुमारे ७४० आणि तो जिथे संपतो त्या इनुविक गावापासून टुकपर्यंतचे सुमारे १४० किलोमीटर खडीचे आहेत, आणि तेवढेच परतीचे. म्हणजे १,७६० किलोमीटर खडी. कॅम्पर घेऊन तिथे ताशी ६० हा चांगला वेग, पाऊस पडला तर ४०. हा रस्ता खडीचा ठेवलाय त्याला कारण आहे. खाली कायम गोठलेली जमीन आहे. ती वितळली तर रस्ता खचेल, म्हणून तिच्यावर खडीचा जाड थर पांघरुणासारखा टाकून वरून रस्ता नेलाय. २०१७च्या नोव्हेंबरात सुरू झालेला टुकचा रस्ताही तसाच. पांघरूण म्हटलं की सुरकुत्या आल्याच, त्या तुमच्या गुडघ्याला कळतील.

मध्ये दोन नद्या फेरीबोटीने पार कराव्या लागतात: फोर्ट मॅकफर्सनच्या अलीकडे पील, पुढे त्सीगेचिकजवळ मॅकेन्झी. पैसे पडत नाहीत, पण पाणी चढलं किंवा ओंडके वाहत आले की फेरी थांबते. कधी तासभर, कधी दोन दिवस. अलास्का हायवेवर वणव्यांचा प्रश्न वेगळाच. २०२४च्या मे महिन्यात फोर्ट नेल्सन हे वाटेवरचं गाव आगीमुळे रिकामं करावं लागलं होतं. अशा प्रदेशात ज्याच्या वेळापत्रकात मोकळा दिवस नाही तो माणूस मग रात्री गाडी हाकतो. लियर्ड ते वॉटसन लेक या टप्प्यात संधिप्रकाशात रानगवे रस्त्यावर उभे असतात, काळे आणि न हलणारे. आपल्याकडे घाटात पाटी असते, 'अति घाई संकटात नेई'. ती तिथे लावायला हवी.

आपली वारी आठवा. आळंदी ते पंढरपूर किती किलोमीटर, असं वारकऱ्याला विचारलं तर तो जरा थांबून आठवतो. मुक्काम विचारा, धडाधड सांगेल: सासवड, जेजुरी, वाल्हे. विसावे ठरलेले, रिंगण ठरलेलं. तुमच्या यजमानांनी अंतरं मांडली आहेत, मुक्काम मांडलेले नाहीत. तीच एक्सेल उघडा आणि किलोमीटरच्या रकान्याशेजारी तुमच्या हाताने एक रकाना घाला: इथे दुपारी काय करायचं? ज्या दिवसासमोर काहीच लिहिता येत नाही, तो दिवस फक्त गाडीचा आहे. असे दिवस लागोपाठ दोनपेक्षा जास्त नकोत.

डेम्प्स्टर हे नाव कुठून आलं ते सांगायचा मोह आवरत नाही. १९१०च्या डिसेंबरात रॉयल नॉर्थवेस्ट माउंटेड पोलिसांचे चार जण फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनला कुत्र्यांच्या गाड्यांवर निघाले. म्होरक्या फ्रान्सिस फिट्झजेरल्ड. लवकर पोचून विक्रम करायचा म्हणून शिधा कमी घेतला. वाटेत भेटलेल्या, ग्विचिन या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या वाटाड्याला काही दिवसांनी पैसे देऊन परत पाठवलं. पुढे डोंगरात वाट सापडेना. मागे फिरले तोवर उशीर झाला होता, कुत्री मारून खायची वेळ आली. १९११च्या फेब्रुवारीत चौघेही गेले. त्यांना शोधायला गेलेल्या कॉर्पोरलचं नाव डेम्प्स्टर. चौघांच्या कबरी फोर्ट मॅकफर्सनमध्ये आहेत, तुम्ही गेलात तर वाटेतच लागतील. आज त्या रस्त्याच्या मध्यावर ईगल प्लेन्स नावाच्या थांब्यावर पेट्रोल मिळतं, टायर दुरुस्त होतो, गरम सूपही मिळतं. तुमच्या यजमानांवर असा प्रसंग यायचा नाही. पण घाई करणं आणि वाटाड्याला परत पाठवणं, या दोन गोष्टी शंभर वर्षांनंतरही माणसं करतात. इथे वाटाड्या म्हणजे फेरी आणि रस्त्याची खबर: युकॉन सरकारची ५११ सेवा रोज सकाळी बघायची, आणि 'बंद' लिहिलं असेल तर थांबायचं.

तिसरी चूक तुमच्या पासपोर्टची आहे, आणि हिचं मला खरंच आश्चर्य वाटलं. डॉसन सिटीहून फेअरबँक्सला जाणारा टॉप ऑफ द वर्ल्ड हायवे अमेरिकेच्या सीमेवर जातो. भारताच्या पासपोर्टवर कॅनडाचं पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. तुमच्याकडे चालू व्हिसा असेल तर प्रश्न नाही. नसेल तर त्या डोंगरमाथ्यावरच्या छोट्या चौकीतून तुम्हाला परत पाठवतील, आणि मग घरी यायला आहे तोच रस्ता पुन्हा. यजमानांनी १८ दिवसांचं पेट्रोल लिटरमध्ये मोजलं, बायकोचा पासपोर्ट कोणता हे विसरले. त्या स्टिकरवर माणसं आणि सामान एकाच आकड्यात मोजलेली असतात. या बेतातही तसंच झालंय. हे त्यांना रागाने सांगू नका. हसत सांगा, जास्त लागेल. आणि एक दिलासा: टुकपर्यंतचा सगळा रस्ता कॅनडातच आहे. अलास्का वगळलं की व्हिसाही लागत नाही आणि प्रवास हजार-दीड हजार किलोमीटरने कमी होतो.

(गाडीतल्या नकाशावर डॉसन टाकताना नीट बघा. डॉसन क्रीक आणि डॉसन सिटी ही दोन वेगळी गावं आहेत, मध्ये साधारण १,९५० किलोमीटर. दोन्हींना जॉर्ज डॉसन या एकाच भूशास्त्रज्ञाचं नाव.)

आता तारखा. १ जुलै का? बहुधा मध्यरात्रीचा सूर्य. तो दिसेल, इनुविकला तेव्हा सूर्य मावळतच नाही. पण डासही मावळत नाहीत. जूनचा उत्तरार्ध आणि जुलैचा बराचसा भाग डासांचा असतो, आणि ते डास म्हणजे आपल्या कोकणातले पावसाळी डास बरे म्हणायची पाळी. बाहेर बसून जेवणं अशक्य, म्हणजे तुम्ही पुन्हा आत, शेगडीपाशी. ऑगस्टच्या मध्यानंतर निघालात तर डास ओसरलेले, टुंड्रा लालभडक, झुडपांना ब्लूबेरी लगडलेल्या, आणि रात्र परत आलेली असते. रात्र असल्याशिवाय आकाशातले उत्तरेचे प्रकाश (ऑरोरा) दिसत नाहीत. जुलैत ते दिसायचे नाहीत, हे कितीतरी लोकांना तिथे पोचल्यावर कळतं. किंमत म्हणजे थंडी. पाणी गोठू शकतं, डेम्प्स्टरवरच्या टूमस्टोनच्या डोंगरांत ऑगस्टअखेर बर्फ पडलं तर तिथे कोणाला नवल वाटत नाही. घरी गणपती बसत असतील तर कॅलेंडर आधी बघा, बाप्पा कधी ऑगस्टात येतात कधी सप्टेंबरात.

मी स्वतः हा प्रवास केलाय, म्हणून जरा अधिकाराने बोलते. आम्हीही टुकला निघालो होतो. ईगल प्लेन्सच्या अलीकडे टायर गेला, टोकदार पाटीच्या दगडाने बाजूची भिंत चिरली. तळाला भोक पडलं तर प्लग मारता येतो, बाजूच्या चिरेला काही इलाज नाही. चाक बदलायला पाऊण तास लागला, कारण नट कोणीतरी मशीनने आवळून ठेवले होते आणि आम्ही निघण्यापूर्वी एकदाही ते हाताने सोडवून पाहिले नव्हते. मी रस्त्यात उभी, हातात अस्वलाचा स्प्रे. समोरून आलेल्या मालट्रकवाल्याने न विचारताच गाडी थांबवली, लांब दांड्याचा पाना काढला आणि एक शब्द न बोलता चार नट सोडवून दिले. त्या रस्त्यावर कोणी कोणाला ओलांडून जात नाही, ही रीत आहे. तुम्हीही थांबायचं. पुढे पील नदीला पाणी चढलं होतं. एक दिवस वाट पाहिली आणि मागे फिरलो. टुकटोयाक्टुक मी आजवर पाहिलेलं नाही. तीन वर्षं मिस्टर हळहळत होते, आता तीच गोष्ट ते पाहुण्यांना सर्वांत रंगवून सांगतात.

त्या प्रवासातली लक्षात राहिलेली एक वस्तू म्हणजे चहाचा डबा. कॅम्परच्या मागच्या दाराच्या फटीतून धूळ आत ओढली जाते, आणि ती पिठासारखी बारीक असते. संध्याकाळी झाकण उघडलं तर चहाच्या पुडीवर राखाडी साय. साखरेत, मिठात, उशीत, सगळीकडे तीच. दुसऱ्या दिवसापासून दाराला आतून चिकटपट्टी आणि डब्यांना रबरी झाकणं. पाऊस पडला की हीच धूळ चिखल होते. रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड मारलेलं असतं, ते वाळलं की गाडीच्या अंगावर सिमेंट. परत डॉसनला आल्याबरोबर गाडी धुवायची, नाहीतर गंज चढतो.

मला टूमस्टोन सर्वांत आवडलं, आणि ते डेम्प्स्टरवर फक्त ७१ किलोमीटर आत आहे. काळे सुळके, खाली लाल-पिवळी झुडपं, माहिती केंद्रात शेकोटी आणि रानातल्या वनस्पतींचा चहा. युकॉनच्या सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये जळाऊ लाकूड भाड्यातच मिळतं. वीज नाही, नळ नाही, शौचालय खड्ड्याचं पण स्वच्छ. तिथे दोन-तीन रात्री राहून मागे फिरलात तर खडी फक्त १४० किलोमीटर. फोटोत आर्क्टिक सर्कलची पाटी येणार नाही. ती ४०५व्या किलोमीटरवर आहे.

यावरून पर्याय मांडते, माझ्या आवडीच्या क्रमाने. एक, त्यांनी एखाद्या मित्राला घेऊन कॅलगरीहून युकॉनच्या राजधानीपर्यंत, व्हाइटहॉर्सपर्यंत, ट्रक आणावा आणि तुम्ही विमानाने तिथे पोचावं. रस्त्याचा सर्वांत लांब आणि सर्वांत कंटाळवाणा भाग तुम्ही वगळता. (लियर्डचे गरम पाण्याचे झरे हुकतील, त्याचं मात्र मला वाईट वाटतं. गुडघ्याला तेवढं सुख दुसरं नाही. ते परतीच्या वाटेवर ठेवा.) व्हाइटहॉर्सपासून पुढे दोघं, तीन आठवडे, टूमस्टोन नक्की, पुढचं फेरीवर आणि तब्येतीवर. दोन, घरचा ट्रक वजनात बसत नसेल तर तो आणूच नका. व्हाइटहॉर्सला ट्रक कॅम्पर भाड्याने मिळतात. मात्र करार नीट वाचा. बहुतेक करारांत डेम्प्स्टरला मनाई असते किंवा जादा पैसे पडतात, आणि काच-टायर विम्याबाहेर असतात. तीन, ते मित्राबरोबर टुकला जाऊन येतील, तुम्ही डॉसनमध्ये चार दिवस आरामात राहाल. यात कमीपणा काही नाही. सोन्याच्या धावपळीच्या काळातलं ते गाव लाकडी फुटपाथांचं आहे, करमणूक भरपूर. चार, त्यांनी एकट्याने जाणं. अँजिओप्लास्टी नसती तरीही मी याला नकोच म्हटलं असतं. पाच, १ जुलैचा बेत आहे तसा: माझ्या लेखी बाद.

पहिला पर्याय धरून चालू. आता तुमच्या तीन तक्रारी, ज्यांना तुम्ही सबबी समजता आणि ज्या सबबी नाहीत.

गुडघा. पलंग ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर असतो. चढायचं कसं, आणि रात्री दोनदा उतरायचं कसं, हे घरच्या ड्राइव्हवेमध्ये आजच करून पाहा. पलंग आडवा असेल तर भिंतीकडच्या माणसाला दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागतं. तुम्ही बाहेरच्या बाजूला झोपा, हे आधीच ठरवून टाका. मागच्या दाराची पायरी उंच असते. रुंद घडीची पायरी आणि भिंतीला धरायला एक दांडी, हा खर्च सर्वांत आधी करा, सौर पॅनेल नंतर.

पोळ्या. लाटायच्या नाहीत. विषय संपला. तयार पोळ्या किंवा टॉर्टिया, निघण्यापूर्वी मेटकूट, भाजणी, पिठलं-उपम्याची कोरडी मिश्रणं, आणि तीन लिटरचा कुकर. कुकरमुळे प्रोपेन वाचतो. एक दिवसाआड रात्रीचं जेवण त्यांनी करायचं, हे त्या एक्सेलमध्ये लिहून घ्या. फोडणी शक्यतो बाहेरच्या टेबलावरच्या शेगडीवर द्या, आत दिली तर हिंगाचा वास आठ दिवस उशीला येतो. मात्र बाहेर शिजवलं की कढईपासून चमच्यापर्यंत सगळं लगेच आत, खरकटं बंद डब्यात. थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून झोपायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे का ते निघण्यापूर्वी बटण दाबून पाहा.

अस्वलं. आहेत. बहुतेक वेळा रस्त्याच्या कडेला गवत खाताना दिसतात, तुम्ही गाडीतच असता. चालायला गेलात तर बोलत चाला. अचानक समोर आलेला माणूस त्यांना आवडत नाही, आणि आपण मराठी माणसं चालताना गप्प राहिलो असं कधी झालंय? स्प्रे पट्ट्यावर हवा, पिशवीत नको. विमानाने जाणार असाल तर तो नेता येत नाही, व्हाइटहॉर्सला घ्या.

आता ती सहीनंतरची ओळ. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे दोघांनी जा आणि प्रश्न असा विचारा: "ईगल प्लेन्स नावाच्या जागी आम्ही असू. डॉसनचं हॉस्पिटल एकीकडे ४०० किलोमीटर, इनुविकचं दुसरीकडे जवळपास तेवढंच आणि मध्ये दोन फेऱ्या. तरी जाऊ का?" 'प्रवास चालेल का' असं मोघम विचारलंत तर मोघम 'हो' मिळेल. डॉक्टरांनी हो म्हटलं तर गोळ्या दुप्पट घ्या, निम्म्या ट्रकमध्ये, निम्म्या कॅम्परमध्ये. प्रवासविमा घ्या; आपल्या प्रांताच्या आरोग्य कार्डावर परप्रांतातली रुग्णवाहिका, त्यातही विमानाची, सहसा येत नाही. आणि उपग्रहावरून चालणारं संदेशयंत्र घ्या, गार्मिनचं इनरीच किंवा तत्सम. ते तुमच्या नावावर, तुमच्या खिशात. रोज मुक्कामाला पोचल्यावर टोरांटोला एक ओळ पाठवायची. मुलाला सांगा, स्वप्नात तुझंही काम आहे: रोज रात्री तो मेसेज बघायचा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आला नाही तर कोणाला फोन करायचा ते लिहून ठेवायचं.

पण यंत्रापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ट्रकची दुसरी चावी. ती आत्ता कुठे आहे? स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये असणार. 'मला ट्रक येत नाही' असं तुम्ही लिहिता. तुम्ही कॅलगरीच्या जानेवारीत, काळ्या बर्फावर, चोवीस तास गाड्या वाहणाऱ्या डिअरफूट महामार्गावरून जाता-येता. खडीवर ताशी ५० ने सरळ जाणं त्याहून अवघड नाही. उजवीकडे राहायचं, समोरून ट्रक आला की वेग आणखी कमी करायचा म्हणजे काच वाचते, ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबून धरायचा नाही. मागे घेणं अवघड आहे, ते नाही जमलं तरी चालेल. तुम्हाला चाक बदलता यायला हवं असं मी म्हणणार नाही. प्रोपेनचा कॉक बंद करणं, यंत्रावरचं एसओएसचं झाकण उघडणं आणि ट्रक चालवत ४०० किलोमीटर जाणं, एवढं यायला हवं. एवढं आलं की रात्री झोप येईल, आणि मग 'हो' म्हणालात काय आणि 'नाही' म्हणालात काय, ते भीतीपोटी नसेल.

मे महिन्याच्या लाँग वीकेंडला कॅलगरीजवळच्या डोंगरांत, कनानास्किसमध्ये, तीन रात्री काढून या. टाकी भरून, सगळं सामान घेऊन, खरी वजनाची रंगीत तालीम. तेव्हा तिथे बर्फही पडतं, पडलं तर उत्तमच. टॉयलेटची कॅसेट (मैला साठतो तो काढता येणारा डबा) कोण रिकामी करतं हेही त्याच तीन दिवसांत ठरेल. परत आल्यावर दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा: काय नको झालं, काय पुन्हा हवं. मग कागद बदला. त्या तीन दिवसांनंतरही तुम्हाला नकोच वाटलं, तर नको. तिसरा पर्याय आहेच, आणि त्यात तुम्ही डॉसनला असता, कॅलगरीच्या घरात फोनकडे बघत बसलेल्या नसता.

कनानास्किसला जाताना गाडी तुम्ही चालवा. त्यांना शेजारी बसवा, आणि पहिला तासभर काही बोलू नका असं आधीच सांगून ठेवा.